उजवी बाजू काळी

'स्टार ट्रेक'च्या मूळ मालिकेचे 79 भाग झाले. त्यांतला सर्वांत बटबटीत भाग कोणता असं जुन्या चाहत्यांना विचारलं, तर बरेच जण क्षणाचाही विचार न करता एकच नाव घेतात: 'लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफील्ड'. अमेरिकेत तो 10 जानेवारी 1969 रोजी पहिल्यांदा दाखवला गेला. अर्धा चेहरा काळाकुट्ट आणि अर्धा पांढराफटक असलेली दोन माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली आहेत, एवढाच त्याचा विषय. वर्णद्वेष किती वेडगळ असतो हे सांगायला याहून उघड युक्ती सापडणं कठीण. म्हणून या भागाला ढोबळ म्हटलं गेलं, प्रचारकी म्हटलं गेलं. माझं मत वेगळं आहे. हा भाग मालिकेतल्या सर्वांत कसदार भागांपैकी एक आहे, आणि त्याची बारीक कारागिरी त्या बटबटीतपणाच्याच आडोशाला बसलेली आहे.

कथानक थोडक्यात असं. एंटरप्राइज हे यान एरियानस नावाच्या ग्रहाकडे निघालं आहे. तिथे जंतूंचा प्रादुर्भाव झाला आहे, ग्रह निर्जंतुक करायचा आहे आणि अब्जावधी जीव त्या मोहिमेवर अवलंबून आहेत. वाटेत चोरीला गेलेलं एक छोटं यान सापडतं. त्यात असतो लोकाय, थकून मरणाला टेकलेला. त्याच्या मागोमाग येतो बील. चेरॉन ग्रहावरच्या राजद्रोह्यांचा शोध घेणाऱ्या आयोगाचा हा प्रमुख अधिकारी, आणि लोकायच्या मागावर तो 50,000 वर्षं आहे. बील म्हणतो, हा बंडखोर आहे, माझ्या ताब्यात द्या. लोकाय म्हणतो, यांनी आम्हाला गुलाम केलं, मला आश्रय द्या. कॅप्टन कर्क म्हणतो, माझ्याकडे यान चोरल्याचा गुन्हा आहे, बाकीचं वरिष्ठ ठरवतील. शेवटी बील आपल्या इच्छाशक्तीने यान चेरॉनकडे वळवतो, आणि तिथे पोचल्यावर कळतं की ग्रहावर आता कुणीच जिवंत नाही.

मूळ कथा जीन कून यांची. 'ली क्रोनिन' हे त्यांचं टोपणनाव श्रेयनामावलीत दिसतं. पटकथा ऑलिव्हर क्रॉफर्ड यांची आणि दिग्दर्शन जड टेलर यांचं. मालिकेचं हे तिसरं आणि अखेरचं वर्ष. पैसा आटलेला, प्रक्षेपणाची वेळ शुक्रवारी रात्री 10ची, म्हणजे तरुण प्रेक्षक घराबाहेर असण्याची. आणि बाहेरचा काळ कसा, तर 4 एप्रिल 1968 रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झालेली, त्यानंतर अमेरिकेतली अनेक शहरं पेटलेली. अशा वेळी हळुवार सूचकतेने बोलायला कुणाकडे सवड होती?

खरं म्हणजे मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला ठळकपणाचं वावडं असण्याचं कारण नाही. आमच्या छत्रपती संभाजीनगरहून दक्षिणेला थोडं गेलं की पैठण. तिथल्या एकनाथांनी भारूड हा प्रकार ज्या उंचीवर नेला, त्यात काहीच झाकलेलं नसतं. सोंग घेऊन माणूस समोर येतो, आपण कोण ते सांगतो आणि रूपकाची गाठ लोकांदेखत सोडतो. अर्थ आधीच उघड झालेला असतो, तरी माणसं रात्र रात्र बसतात. कारण भारूड करणाऱ्याचं कसब अर्थ लपवण्यात नसतं. अर्थ सगळ्यांना कळला आहे असं वाटू द्यायचं, प्रेक्षकाला निर्धास्त करायचं आणि मग त्याच सोंगातून त्याच्याच अंगावर येईल असं काही काढायचं, यात ते असतं. आंबेडकरी जलशांनीही पुढे हाच मार्ग धरला. या भागाकडे मी त्या डोळ्यांनी पाहतो, आणि मग त्यातली एकेक जागा उलगडत जाते.

पहिली जागा अर्थातच चेहऱ्याची. मालिकेचे रंगभूषाकार फ्रेड फिलिप्स. कपाळाच्या मध्यापासून निघालेली रेघ नाकाच्या दांडीवरून, ओठांवरून, हनुवटीवरून खाली जाते. रेघ इतकी काटेकोर की पट्टी ठेवून मारल्यासारखी. आपल्याकडे दुभंगलेल्या देहाची परंपरा मोठी आहे. घारापुरीच्या अर्धनारीश्वरात उजवीकडे शिव आणि डावीकडे पार्वती आहे, पण शिल्पकाराने रेघ कुठेच दाखवलेली नाही. कटीचा बाक एका अर्ध्यातून दुसऱ्यात वाहत जातो. तिथे दोन अर्धी मिळून एक देह होतो. बील आणि लोकाय यांच्या चेहऱ्यावर मात्र रेघच पहिल्यांदा दिसते, माणूस नंतर. हे कुरूप आहे, आणि तसंच हवं होतं. चेरॉनची माणसं एकमेकांकडे बघताना रेघच आधी बघतात.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका रविवारी सकाळी लागायची. पुष्कळ घरांत तेव्हा कृष्णधवल संच होते. त्या पडद्यावर खलाशांच्या गणवेशाचा सोनेरी, निळा, तांबडा असा भेद पार पुसला जाऊन सगळे करड्या रंगाचे होत. ही रंगभूषा मात्र त्या पडद्यावरही रेसभर कमी होत नाही. रंगीत दूरचित्रवाणीची चैन दाखवण्यासाठी गाजलेल्या मालिकेत एक भाग असा निघावा, ज्याला दोनच रंग पुरतात!

आता त्या रेघेआड काय दडवलं आहे ते पाहू. अर्ध्याहून अधिक भाग होईपर्यंत आपण या दोघांना बघत असतो. एकत्र बघतो, वेगवेगळे बघतो, अगदी जवळून बघतो. यानावरचे लोक त्यांच्याविषयी बोलतात, तर्क करतात. लोकाय एकटाच होता तेव्हा त्याचा रंग म्हणजे एखादा अपवादात्मक जनुकीय बदल असावा असं वाटलं होतं. बील आला आणि तो तर्क कोसळला, कारण दोघे सारखेच. मग कर्क आणि त्याचा सहकारी अधिकारी स्पॉक यांच्यासोबत पेले समोर ठेवून बसलेला बील बोलता बोलता म्हणतो की लोकाय हलक्या जातकुळीचा आहे, हे कुणा भोळसटालाही दिसेल. स्पॉक शांतपणे सांगतो की दिसतं ते इतकंच, तो तुमच्याच जातकुळीचा आहे. बील संतापतो. तुम्ही आंधळे आहात का, माझ्याकडे नीट बघा, असं म्हणतो. कर्क बघतो आणि दिसतं ते सांगतो: एक बाजू काळी, एक पांढरी. तेव्हा बील उलगडा करतो. माझी उजवी बाजू काळी आहे. लोकायची उजवी बाजू पांढरी आहे. त्याच्या सगळ्या लोकांची उजवी बाजू पांढरी आहे.

आमच्या शहरातल्या काही विद्यार्थ्यांना हा भाग दाखवताना मी तो या संवादाच्या जरा आधी थांबवला आणि विचारलं, या दोघांत फरक काय दिसतो? कुणी आवाजाचं नाव घेतलं, कुणी चालण्याचं. एक मुलगी म्हणाली, बीलचे डोळे थंड आहेत. निरीक्षण अचूक होतं. पण काळा रंग कुणाच्या कोणत्या बाजूला आहे, ते एकालाही सांगता आलं नाही. इतकी भडक खूण, इतका वेळ डोळ्यांसमोर, आणि तरी नजरेतून निसटलेली! बटबटीतपणाचा इतका चतुर उपयोग मी क्वचितच पाहिला आहे. रंगभूषा ओरडत असते, त्यामुळे ती नेमकं काय म्हणते आहे ते ऐकायची गरज कुणाला वाटत नाही.

या खुणेची भूमिती तर आणखी गोड आहे, आणि ती लक्षात आली की भाग पुन्हा पाहावासा वाटतो. बीलची उजवी बाजू काळी, लोकायची डावी. हे दोघे समोरासमोर उभे राहिले आणि कॅमेऱ्याने त्यांना बाजूने टिपलं, की एकाची उजवी आणि दुसऱ्याची डावी बाजू आपल्याकडे येते. म्हणजे दोघेही काळे दिसतात. जागा बदलली की दोघेही पांढरे. भांडताना ते एका रंगाचे असतात! उलट एकामागून एक एकाच दिशेने धावू लागले की एक काळा दिसतो आणि एक पांढरा. आणखी पुढे जाऊ. बील लोकायच्या डोळ्यांत डोळे घालून उभा राहिला, तर त्याच्या काळ्या बाजूच्या समोर लोकायची काळी बाजू येते आणि पांढरीच्या समोर पांढरी. आरशासमोर उभं राहिल्यावर बीलला स्वतःचा चेहरा जसा दिसत असेल, तंतोतंत तसाच. ज्या चेहऱ्याचा तो 50,000 वर्षं द्वेष करतो आहे, तो त्याचा आरशातला चेहरा आहे. हे वाक्य संहितेत कुठेही नाही. रंगभूषेनं ते न बोलता मांडून ठेवलं आहे.

जयंत नारळीकरांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेची इथे आठवण होते. तिच्यातही डाव्या-उजव्याची आरशासारखी अदलाबदल हेच रहस्य आणि तेच विज्ञान आहे. उजव्या सोंडेच्या मूर्तीचं सोवळं कडक, डाव्या सोंडेची घरात चालते, हे मराठी घराला शिकवावं लागत नाही. म्हणून बीलचा उलगडा ऐकून अमेरिकन प्रेक्षक हसला असेल, पण आपल्याला त्यात अशक्य असं काही वाटत नाही. कोणत्या बाजूला काय आहे यावर आख्खा आचारधर्म उभा राहू शकतो, हे आपण पाहिलेलं आहे.

माझ्या मते या भागाचं सर्वांत मोठं रहस्य इथेच आहे. तो वर्णद्वेषावर लिहिला गेला, पण बसतो जातीवर. अमेरिकेतला काळा-गोरा भेद परक्यालाही दिसतो. जहाजातून उतरलेल्या माणसालाही तो पहिल्याच दिवशी कळेल. चेरॉनचा भेद तसा नाही. कर्कला तो दिसत नाही, स्पॉकसारख्या सूक्ष्म निरीक्षकाच्याही तो लक्षात येत नाही, आणि चेरॉनच्या माणसाला मात्र दुसरं काही दिसतच नाही. परगावचा माणूस आपल्या एखाद्या खेड्यात आला तर त्याला सगळे सारखेच दिसतील. एकच बोली, एकच ऊन, एकच दुष्काळ. गावकऱ्याला मात्र आडनावावरून, वस्तीच्या दिशेवरून, पाणी कुठून भरतात त्यावरून सगळं कळतं, आणि जे कळतं ते परक्याला दिसू नये याचं त्याला आश्चर्य वाटतं. बीलच्या संतापात नेमकं हे आश्चर्य आहे. तो खोटं बोलत नाही, काही लपवत नाही. इतकी उघड गोष्ट या शहाण्या माणसांना दिसत कशी नाही, असा प्रामाणिक अचंबा त्याच्या चेहऱ्यावर येतो. कून आणि क्रॉफर्ड यांच्या मनात मराठवाडा असण्याचं काहीच कारण नव्हतं. पण अतिशयोक्ती इतकी शुद्ध केली की ती कधीकधी दुसऱ्याच देशाचं वास्तव होऊन बसते.

बीलचं काम फ्रँक गॉर्शिन यांनी केलं आहे. 'बॅटमॅन' मालिकेतला खिदळणारा रिडलर म्हणून ते आधीच घराघरांत पोचले होते, आणि मूळचे नकलाकार. अशा नटाला अर्ध्या रंगाचा चेहरा दिला की तो त्यावर नाचेल अशी धास्ती वाटते. गॉर्शिन नेमकं उलट करतात. चेहरा भडक, म्हणून बाकी सगळं आवरलेलं. उभं राहणं ताठ, बोलणं मोजून-मापून, ओठांवर अधिकाऱ्याचं अर्धं हसू. आवाज चढतो तो मोजक्याच ठिकाणी, आणि म्हणून तो चढल्यावर दचकायला होतं. लू अँटोनिओ यांचा लोकाय याच्या अगदी विरुद्ध आहे. तो धापा टाकतो, हात पसरतो, त्याचा घसा बसतो, त्याच्या वाक्यांना शेवट नसतो. परिणाम असा होतो की पहिल्या भेटीत आपल्याला बील जास्त बरा वाटतो! सत्तेला सभ्यपणा परवडतो. ज्याचं सगळं गेलं आहे तो किंचाळतो, आणि किंचाळणाऱ्याचा आपल्याला कंटाळा येतो. प्रेक्षकाचा हा पक्षपात दोन नटांनी मिळून उघडा पाडला आहे.

दिग्दर्शकाने त्यांना कुठे कुठे बसवलं आहे तेही बघण्यासारखं आहे. बीलची बाजू ऐकली जाते ती कॅप्टनच्या सोबत, पेय घेताना. लोकायची कैफियत ऐकली जाते ती करमणुकीच्या दालनात, कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या घोळक्यात. यानाचा नियम दोघांना समान आहे असं कर्क पुन्हा पुन्हा सांगतो, आणि तो मनापासून सांगतो. पण बसायच्या जागांनी डावं-उजवं आधीच करून टाकलेलं असतं.

करमणुकीच्या दालनातला तो प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. स्पॉक बाहेर मार्गिकेत उभा राहून ऐकतो आहे. आतून लोकायचा आवाज येतो. तुम्हाला तुमच्या खोपटातून ओढून दुसऱ्याच ग्रहावरच्या युद्धात लोटलं तर, असं तो विचारतो. ते युद्ध तुमच्या मालकाच्या फायद्याचं आणि मरण तुमच्या भावंडांचं. 1969च्या जानेवारीत व्हिएतनामला मुलं पाठवणाऱ्या घरांत हे वाक्य कसं पडलं असेल, ते वेगळं सांगायला नको. त्यावर तरुण चेकॉव्ह म्हणतो की पृथ्वीवरही पूर्वी असा छळ होता, इतिहासाच्या तासाला आपण वाचलं आहे. सुलू दुजोरा देतो: हो, पण ते विसाव्या शतकात, आता असे मागासलेले विचार राहिलेले नाहीत. दोघांच्याही बोलण्यात दुष्टपणाचा लवलेश नाही. भल्या माणसांचं ते निरागस समाधान आहे, आणि लोकायला ते भिंतीसारखं लागतं.

सुलूचं काम करणारे जॉर्ज टाकेई यांचं बालपण ठाऊक असेल तर हे वाक्य आणखी खोल जातं. दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांना घरातून उचलून तारांच्या कुंपणात ठेवलं गेलं. टाकेई यांचं कुटुंब त्यांत होतं, आणि ते स्वतः तेव्हा पाच वर्षांचे होते. आधी आर्कान्सामधली रोहवरची छावणी, मग कॅलिफोर्नियातली टूल लेकची. विसाव्या शतकातला छळ त्यांनी इतिहासाच्या तासाला वाचलेला नव्हता. त्या नटाच्या तोंडी, प्रसन्न चेहऱ्याने, हे वाक्य यावं! कॅमेरा त्यावर रेंगाळत नाही, संगीत खूण करत नाही. ज्याला माहीत आहे त्याच्या पोटात कालवतं, बाकीचे पुढे जातात.

बटबटीतपणाचा खरा आरोप कॅमेऱ्यावर होतो, आणि तिथे मी फारसा बचाव करणार नाही. धोक्याचा तांबडा दिवा पेटला की कॅमेरा तिरपा होऊन त्याच्यावर झपकन आत जातो, झपकन बाहेर येतो, पुन्हा आत जातो. ही हौस आज डोळ्यांना खुपते. मात्र त्याच दिग्दर्शकाने यान उडवून देण्याचा प्रसंग ज्या संयमाने रचला आहे, तो पाहिला की दिव्याची हौस माफ करावीशी वाटते.

बीलने यानाचा ताबा घेतला आहे आणि शस्त्रांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. कर्ककडे एकच उपाय उरतो: चारशेहून जास्त माणसांसकट यान स्वतःच नष्ट करण्याची धमकी. कर्क, स्पॉक आणि मुख्य अभियंता स्कॉट एकामागून एक संगणकाला आपापली सांकेतिक अक्षरं सांगतात. संगणकाचा आवाज मॅजेल बॅरेट यांचा, सपाट आणि निर्विकार. प्रत्येक जण बोलताना कॅमेरा इतका जवळ जातो की पडद्यावर फक्त डोळे उरतात, मग फक्त ओठ. एरवी धावपळ करणारी ही मालिका इथे आकडे आणि अक्षरं वाचत बसते. मग 30 सेकंदांची उलटी गणती. शेवटच्या पाच सेकंदांत कुठलाही हुकूम हा नाश थांबवू शकणार नाही, असं कर्क बजावतो, आणि बील आता वाकेल की मग वाकेल असं करत आपण ते सेकंद मोजतो. या प्रसंगाचं सौंदर्य असं की यात चेहऱ्याचा रंग नाहीसा होतो. इतक्या जवळून नुसता डोळा दिसतो, आणि डोळा सगळ्यांचा एकसारखाच. प्रसंग इतका पक्का बसला की 1984च्या 'द सर्च फॉर स्पॉक' या चित्रपटात यान नष्ट करताना तीच सांकेतिक अक्षरं पुन्हा वापरली गेली.

पटकथेची शिस्तही इथे दिसते. बील नमतो, एरियानसचं काम पार पडतं, आणि त्यानंतर पहिली गोष्ट तो करतो ती म्हणजे या आत्मनाशाच्या यंत्रणेची स्मृतीच जाळून टाकतो. तीच धमकी दुसऱ्यांदा चालणार नाही. आळशी लेखकाने ती पळवाट उघडी ठेवली असती. इथे ती बंद होते आणि कथेला चेरॉनला जाण्यावाचून वाटच उरत नाही.

काटकसरीचा एक सुरेख नमुना जाता जाता. बीलचं यान अदृश्य आहे, विशिष्ट आवरणामुळे ते दिसत नाही असं सांगितलं जातं. पैसे वाचले हे उघडच आहे. पण न दिसणाऱ्या यानातून येणारा, न दिसणाऱ्या फरकासाठी जीव घेणारा अधिकारी, ही जुळणी फुकटात मिळून गेली.

एका जागी मात्र मी या भागाशी भांडतो. कर्क दोघांनाही एकाच तागडीत तोलतो: तुम्ही दोघेही द्वेषाने आंधळे झाला आहात, द्वेष सोडा नाहीतर मराल. गुलाम करणारा आणि गुलाम झालेला यांच्यातला फरक त्या समतोल उपदेशात विरघळून जातो. दोघांपासून दूर उभ्या असलेल्या माणसाला असा समतोल सहज साधतो. आमच्या शहराला हे नीट कळायला हवं. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर मराठवाड्यात जी आग लागली तिच्यात दलितांच्या वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. त्या सोळा वर्षांकडे पाहून 'दोन्ही बाजूंनी द्वेष सोडावा' एवढंच म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं. बाबासाहेबांनी 1950 साली याच शहरात, नागसेनवनात, कॉलेज उभं केलं ते बीलसारख्यांनी शिक्षण दिल्याचे उपकार मोजावेत म्हणून नव्हे. बील नेमका तेच मोजतो: आम्ही त्यांना शिकवलं, बदल व्हायला वेळ लागतो. लोकाय विचारतो, शिक्षण दिलंत ते कशासाठी, तुमची चाकरी करायलाच ना? हा प्रश्न कर्कच्या उपदेशापेक्षा मोठा आहे, आणि लेखकांनी तो लोकायच्या तोंडी इतका धारदार ठेवला की कर्कचा उपदेश त्याच्यापुढे फिका पडतो. म्हणजे भागाचा निष्कर्ष लंगडा आहे, पण साक्ष पूर्ण नोंदवलेली आहे.

लोकाय संत नाही, हेही लेखकांचं मोठेपण. ज्यांनी त्याला आसरा दिला त्या तरुणांना तो बीलविरुद्ध चिथावतो, त्यांच्या दयेचा हत्यारासारखा वापर करतो. छळलेल्या माणसाला देव्हाऱ्यात बसवण्याचा सोपा मार्ग त्यांनी टाळला. त्यामुळे त्याची तक्रार खोटी ठरत नाही, उलट खऱ्या माणसाची होते.

आणि मग शेवट. स्पॉक यंत्रांवरची माहिती वाचून दाखवतो: शहरं उभी आहेत, रस्त्यांत झाडी वाढू लागली आहे, खालच्या पातळीचे प्राणी आहेत, आणि न पुरलेली प्रेतं. बील विचारतो, माझे सगळे लोक मेले? स्पॉक सांगतो, हो, सगळे. लोकाय विचारतो, एकही जिवंत नाही? एकही नाही. वाक्यं छोटी आहेत, आवाज खालचा आहे. सारा भाग ओरडून बोलला आणि सर्वांत भयंकर बातमी मात्र हलक्या आवाजात आली. या दोघांचं दुःख एक क्षणभर एकच होतं, आणि आपल्याला वाटतं की आता ते एकमेकांना धरून रडतील. ते एकमेकांना दोष देऊ लागतात.

यानाच्या मार्गिकांतून मग पाठलाग सुरू होतो. तो फार लांबला आहे अशी तक्रार सगळे करतात. दोन माणसं धावतात, धावतात, आणि धावतच राहतात. त्यांच्या चेहऱ्यांवर पेटलेल्या शहरांची दृश्यं उमटतात; दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या चित्रफिती आहेत त्या. मला ती लांबी हवीशी वाटते. मार्गिका त्याच, वळणं तीच, आणि कुणी कुणाला पकडत नाही. 50,000 वर्षं काय चाललं होतं ते या काही मिनिटांत अंगाने कळतं. इथेच ती भूमितीही पूर्णत्वाला येते. समोरासमोर असताना एका रंगाचे दिसणारे हे दोघे एकाच दिशेने पळताना विरुद्ध रंगाचे होतात. दोघेही ग्रहावर उतरतात. कर्क त्यांना थांबवत नाही.

शेवटचे बोल यानाच्या नियंत्रणकक्षातल्या लोकांचे. सुलू म्हणतो, ग्रहच मेला, आता कोण बरोबर होतं याने काय फरक पडतो? स्पॉक म्हणतो, लोकाय आणि बीलला तरी नाही. त्यांना महत्त्व आहे ते फक्त द्वेषाचं. आणि मग उहुरा विचारते, त्यांच्याकडे कधीकाळी एवढंच असेल का? कर्क उत्तर देतो, नाही, पण आता एवढंच उरलं आहे. हा प्रश्न उहुराला दिला आहे, त्या कक्षातल्या एकमेव कृष्णवर्णीय स्त्रीला. ती कुणाला दोष देत नाही, निवाडा करत नाही. त्या दोघांकडे द्वेषाखेरीज आणखी काही असेल का, एवढंच तिला जाणून घ्यायचं आहे. निशेल निकोल्स यांनी तो प्रश्न इतक्या साधेपणाने उच्चारला आहे की आख्ख्या भागाचं वजन तिथे येऊन टेकतं.

हा भाग जरूर पाहा, आणि जमलं तर पडद्यावरचे रंग काढून एकदा कृष्णधवल पाहा. घरातल्या मुलांना दाखवणार असाल तर एक विनंती आहे: उजव्या बाजूची गोष्ट त्यांना आधी सांगू नका.